मधला आवाज हरवूं नये म्हणून

गेल्या दिवाळींत भाऊबिजेच्या रात्रीं आमच्या घरीं एक लहानसा प्रसंग घडला. त्यापासून मला जो धडा मिळाला, तो इतर कुटुंबांसही उपयोगी पडेल, अशा समजुतीनें हा लेख लिहीत आहें.

सन 2010 मध्यें आमच्या पुतण्याची मुंज झाली. त्या प्रसंगीं धाकट्या बंधूंनीं नवा कॅमेरा आणला होता. सोनी व पॅनासॉनिक या कंपन्यांनीं 2006 सालीं पुढें आणलेल्या एव्हीसीएचडी पद्धतीचा तो कॅमेरा असून, चित्राबरोबर सभोवारचा आवाजही सहा मार्गांनीं टिपण्याची त्यांत सोय होती. मुंजीच्या त्या चित्रणांत बटूस आशीर्वाद देतांना आमच्या वडिलांनीं, म्हणजे अप्पांनीं, चार शब्द सांगितले आहेत. अप्पा 2019 मध्यें वारले. त्यांचा आवाज आमच्या घरीं त्या चित्रणाखेरीज कोठेंही उरलेला नाहीं.

चित्रण माडीवरच्या संगणकांत आणि दूरदर्शनसंच खालीं माजघरांत. मध्यें जुन्या घराच्या दीड हात जाडीच्या भिंती. मूळ चित्रण वायफायनें खालीं पाठवूं गेल्यास तें दर दोन मिनिटांनीं अडखळे. म्हणून मीं त्याचें संकोचन केलें, आणि शहाणपणाच्या भरांत सहा ध्वनिमार्गांपैकीं डावा व उजवा असे दोनच ठेवले. ‘संचाला ध्वनिक्षेपक दोनच, मग सहा कशाला?’ असा माझा हिशेब!

भाऊबिजेस सर्व मंडळी जमली. चित्र स्वच्छ, ओघ अखंड. परंतु अप्पा बोलूं लागले, तों सनई, पंगतीची गडबड, मुलांचा कलकलाट हीं सगळीं ठळक, आणि अप्पांचा आवाज मात्र विहिरीच्या तळाशीं कोणी बोलावें तसा. मातोश्रींचें वय आज चौऱ्यायशी वर्षांचें. त्या हळूच म्हणाल्या, “ते बोलताहेत ना रे? मग मलाच ऐकूं येत नाहीं का?”

दोष त्यांच्या कानांचा नव्हता. माझ्या अज्ञानाचा होता.

सहा मार्ग कोणते?

श्रोत्याच्या चहूंकडून आवाज आणण्याची कल्पना नवी नाहीं. सन 1940 मध्यें वॉल्ट डिस्ने यांच्या ‘फँटेशिया’ या चित्रपटासाठीं न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे नाट्यगृहांत अशी खास योजना केली होती. पुढें 1992 सालीं ‘बॅटमॅन रिटर्न्स’ या चित्रपटाबरोबर डॉल्बी डिजिटल ही पद्धत चित्रगृहांत आली. तिचेंच एसी-3 हें रूप आमच्या कॅमेऱ्यांत होतें. समोर डावा, मधला व उजवा असे तीन मार्ग. मागें डावा व उजवा असे दोन. आणि सहावा फक्त 120 हर्ट्झपर्यंतच्या खोल नादाचा. हा सहावा अपुरा म्हणून या योजनेस ‘5.1’ असें म्हणतात.

यांत महत्त्वाचा तो मधला. समोर बोलणाऱ्या माणसाचे शब्द मुख्यतः त्याच मार्गानें येतात. मीं नेमका तोच कापून टाकला होता! सहाचे दोन करावयाचे झाल्यास मार्ग गाळावयाचे नसतात, एकमेकांत मिसळावयाचे असतात. सर्वसाधारण रीत अशी कीं, मधला मार्ग सुमारें 0.7 या प्रमाणांत डाव्या व उजव्या अशा दोहोंतही घालावा, मागचे दोन साधारण त्याच प्रमाणांत आपापल्या बाजूस घालावे, आणि खोल नादाचा बहुधा सोडून द्यावा.

एवढ्यानेंही वृद्धांची अडचण पुरतीं संपत नाहीं. सहा ठिकाणांहून येणाऱ्या आवाजांतून आपला कान दिशेच्या आधारें हवा तो आवाज निवडून घेतो. सगळे आवाज दोनच ध्वनिक्षेपकांतून येऊं लागले म्हणजे हा आधार तुटतो व गलबला शब्दांवर चढून बसतो. उतारवयांत ही निवड अधिकच कठीण होते.

काटकसर कोठें करावी?

संकोचनाशिवाय चित्र हवेंतून पाठविणें घरच्या यंत्रांस झेपणारें नाहीं. 1920 आडवे व 1080 उभे बिंदू, प्रत्येक बिंदूस 24 बिट आणि सेकंदास 25 चित्रें, असा गुणाकार केल्यास सेकंदास सुमारें 124 कोटी बिट होतात. 2003 मध्यें निश्चित झालेली एच.264 ही पद्धत एका चित्रांतून दुसऱ्यांत न बदललेला भाग पुन्हां पुन्हां न लिहितां हा भार उतरविते. आमच्या पद्धतीच्या कॅमेऱ्यांत तो सेकंदास 2 कोटी 40 लक्ष बिटांपर्यंत जाई. त्या वेगानें तासाभराच्या चित्रणास 10.8 जीबी जागा लागते. मीं तो 80 लक्षांवर आणला, तेव्हां तासास 3.6 जीबी पुरली आणि अडखळणें थांबलें.

आतां आवाजाचा हिशेब पाहा. सहा मार्ग, प्रत्येकीं सेकंदास 48,000 नमुने, नमुन्यास 16 बिट, म्हणजे 46 लक्ष बिट. मोठ्या आवाजाखालीं झांकला जाणारा बारीक आवाज कानास जाणवत नाहीं, या तत्त्वावर एसी-3 पद्धत तेवढें काम साधारणतः 4 लक्ष 48 हजारांत भागविते. चित्राच्या 80 लक्षांपुढें हें कितीसें? ध्वनि कापून मीं अठरावा हिस्साही वांचविला नाहीं, आणि घालविलें मात्र जें अमोल होतें तें.

योग्य रीत

एकाच फाइलींत दोन ध्वनिपट ठेवतां येतात, हें मला मागाहून कळलें. पहिला, दोन मार्गांचा, एएसी पद्धतीचा. त्यास 1 लक्ष 60 हजार बिट पुरतात. साध्या संचावर, दूरभाषावर तोच वाजतो. दुसरा, मूळचा सहा मार्गांचा एसी-3, जसाच्या तसा. पुतण्याच्या खोलींत सहा ध्वनिक्षेपक आहेत, तो हा दुसरा निवडतो. दूरदर्शनसंचापासून ध्वनियंत्राकडे जाणारी प्रकाशतार सहा मार्ग अशा संकोचित रूपांतच वाहूं शकते. म्हणूनही तो उलगडून ठेवूं नये.

हें काम ‘हँडब्रेक’ या मोफत साधनानें होतें. त्यांत आणखी दोन गोष्टी पाहाव्या. अशा कॅमेऱ्यांचें चित्र पुष्कळदां सम व विषम ओळींच्या अर्ध्या चित्रांत टिपलेलें असतें; तीं नीट सांधून न घेतल्यास हलणाऱ्या वस्तूंच्या कडांस फणीसारखे दांते दिसतात. तसेंच एमपी4 फाइलीची अनुक्रमणिका आरंभीं ठेवण्याची खूण करावी, म्हणजे फाइल पाठवूं लागतांच चित्र सुरू होतें. 2013 सालची एचईव्हीसी पद्धत जागा आणखी वांचविते; परंतु जुन्या संचांस ती उमगत नाहीं, आणि मग संगणकास आयत्या वेळीं रूपांतर करीत बसावें लागतें.

वायफायविषयीं एकच सूचना. संगणक व संच दोन्ही बिनतारी असल्यास प्रत्येक बिट हवेंतून दोनदां जातो, एकदां राउटरकडे व एकदां तेथून संचाकडे. संगणक राउटरला तारेनें जोडावा. निम्मा भार तेथेंच उतरतो. 5 गिगाहर्ट्झची लहर वेगवान खरी, पण जाड भिंतींपुढें ती लवकर थकते, तेथें 2.4 ची अधिक दूर पोहोंचते.

मातोश्रींसाठीं मीं आणखी एक केलें. ‘एफएफएमपेग’ या साधनांत प्रत्येक मार्गाचें प्रमाण आंकड्यांनीं ठरवितां येतें. मधल्यास 1, पुढच्या दोहोंस 0.5 व मागच्यांस 0.25 असें देऊन, बेरीज वाढून आवाज फाटूं नये म्हणून सर्वच सारख्या प्रमाणांत उतरविलें, आणि हाच घरचा पहिला ध्वनिपट केला.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशीं तो भाग पुन्हां लावला. अप्पा बोलले. मातोश्री कांहीं बोलल्या नाहींत. फक्त बोटानें खूण करून पुन्हां लावावयास सांगितलें. पुढें तीन वेळां लावला.

हें शक्य झालें तें केवळ मूळ चित्रण मीं पुसलें नव्हतें म्हणून. जागा हवी, म्हणून तें काढून टाकण्याचा विचार भाऊबिजेच्या आदल्या दिवशींच माझ्या मनांत येऊन गेला होता. वाचकांनीं संकोचन खुशाल करावें. पण मूळ प्रत निराळ्या तबकडीवर ठेवावी, आणि नवी प्रत घरांतील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसून एकदां संपूर्ण ऐकावी. त्या माणसास शब्द कळले, म्हणजे काम झालें.