पथ्यानंतरही उरणारा ठसा

धमनीचा विकार म्हटला की नळात गाळ साचल्याचे चित्र डोळ्यांपुढे येते. चरबी साचली, आता पथ्य पाळले की ती हळूहळू उतरेल, हा हिशेब त्याच चित्रातून येतो. तो अपुरा आहे. आपल्या खाण्याचा परिणाम पेशींतली कोणती जनुके किती काम करतील यावरही होतो. रक्तातले एलडीएल कोलेस्टेरॉल आत ओढून घेणारे एक प्रथिन यकृताच्या पेशी बनवतात. पेशीत कोलेस्टेरॉल वाढले की त्या प्रथिनाचे जनुक मंदावते आणि एलडीएल रक्तातच फिरत राहते. या प्रथिनाचा शोध लावणाऱ्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल मिळाले. इथे जनुकाची रचना तीच राहते, बदलते ते त्याचे काम.

हा बदल जेवणाबरोबर येतो आणि जातो, असे वाटणे साहजिक आहे. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने या समजुतीला तडा दिला. त्यांनी उंदरांना चार आठवडे चरबी, साखर आणि कोलेस्टेरॉलने भरलेले खाणे दिले, मग चार आठवडे पुन्हा साधे. त्या खाण्याने रक्तात वाढलेला दाह ओसरला. पण अस्थिमज्जेतल्या, पांढऱ्या पेशींना जन्म देणाऱ्या पेशींमध्ये जनुकांच्या कामाची बदललेली घडी तशीच राहिली, आणि पुढे जंतूंच्या घटकांची चाहूल लागताच त्यांच्यापासून झालेल्या पेशी नेहमीपेक्षा जास्त खवळल्या. धमनीच्या भिंतीत शिरून चरबी गिळणाऱ्या आणि तिथला दाह वाढवणाऱ्या पेशी बऱ्याच अंशी याच कुळातल्या. म्हणून मला हा निष्कर्ष फार गंभीर वाटतो.

हे उंदीर होते, आणि त्यांच्यातले एलडीएल ओढणारे जनुक आधीच काढलेले होते, हा आक्षेप रास्तच आहे. मात्र या ठशामागच्या यंत्रणेतून सुटणारा इंटरल्युकिन-१ बीटा हा रेणू माणसातही तपासला गेला आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत, २०१७ साली, तो रोखणाऱ्या औषधाने एलडीएल घटले नाही, तरी मधल्या मात्रेत झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाले. आहाराचा ठसा माणसात किती टिकतो हे यातून सिद्ध होत नाही. पण दाह हा धमनीविकाराचा स्वतंत्र चालक आहे, हे होते. त्या औषधाने जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले, त्यामुळे ते पथ्याची जागा घेऊ शकत नाही. मग ठसा राहणारच असेल, तर पथ्य कशाला? पथ्याने एलडीएल उतरते, नवी भर थांबते. घराण्यातच आहे म्हणून हात टेकणाऱ्यांसाठीही उत्तर आहे. २०१६ साली पंचावन्न हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासात जनुकीय धोका जास्त असलेल्यांपैकी चांगला आहार, व्यायाम, आटोक्यातले वजन आणि धूम्रपानापासून दूर राहणे यांपैकी किमान तीन गोष्टी पाळणाऱ्यांत हृदयविकार सुमारे ४६ टक्क्यांनी कमी आढळला. घरात कमी वयात कोणाला झटका आला असेल, तर चाळिशीची वाट न पाहता कोलेस्टेरॉल तपासून घ्या आणि मुलांच्या ताटापासूनच सुरुवात करा.