सिमेंटची चुनखडी आणि बांगलादेशाची आयात

सिमेंटचे पोते घेताना आपण भाव विचारतो. ते कोणत्या डोंगरातून आले हे काही कोणी विचारीत नाही. पण हा प्रश्न विचारल्यावाचून ज्याला गत्यंतरच नाही असा एक देश आपल्या शेजारी आहे. तो म्हणजे बांगलादेश. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना यांनी आणून टाकलेल्या गाळावर तो वसला आहे. गाळाची जमीन भाताला उत्तम. पण सिमेंटला लागतो दगड, आणि तोच तेथे दुर्मिळ. जयपूरहाट येथे चुनखडी सापडली खरी, पण ती पाचशे मीटरांहून खोल. याचा अर्थ काय, ते गावच्या विहीर खणणाऱ्याला विचारा!

आता चुनखडीचे सिमेंट कसे होते ते पाहू. शिक्षकमित्रांनी हे गणित मुलांना फळ्यावर जरूर मांडून दाखवावे. शुद्ध चुनखडी १०० किलो भाजली, तर चुना उरतो ५६ किलो. उरलेले ४४ किलो कार्बन डायऑक्साइड वायू होऊन धुराड्यातून निघून जातात. सिमेंटच्या भट्टीत चुनखडीबरोबर चिकणमाती घालून सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. तेव्हा काळपट, कठीण खडे तयार होतात. त्यांना क्लिंकर म्हणतात. थोडा जिप्सम घालून ते दळले की झाले सिमेंट.

एक टन क्लिंकरला साधारण दीड टन चुनखडी लागते. मग चुनखडी जहाजात भरून दूरदेशाहून आणायची आणि इथे भाजायची, म्हणजे जो भाग हवेतच उडून जायचा त्याचेही भाडे भरायचे. शेंगा फोडून दाणे न्यायचे सोडून टरफलांचीही गाडी भरावी, तसलाच हा व्यवहार! शिवाय भट्टीला इंधन लागते ते निराळे.

म्हणूनच बांगलादेशाच्या आयातीला एक ठरावीक वळण मिळाले. १९९० च्या दशकाच्या आरंभी तेथे बरेचसे सिमेंट तयार स्थितीतच परदेशाहून येई. त्या दशकाच्या मध्यापासून दळण्याचे कारखाने भराभर निघाले आणि पोत्यांच्या जागी क्लिंकरची जहाजे चितगावच्या बंदरात लागू लागली. व्हिएतनाम, इंडोनेशिया, थायलंड अशा देशांतून हा माल येऊ लागला. २०२० च्या आसपास ही आयात वर्षाला दोन कोटी टनांच्या घरात होती.

मग चुनखडीची आयात संपली काय? नाही. दळताना क्लिंकरमध्ये काही प्रमाणात चुनखडीची भुकटी, राख किंवा लोखंडाच्या भट्टीतली मळी मिसळता येते. २००३ साली बांगलादेशाने युरोपीय धर्तीचे सिमेंटचे मानक स्वीकारले, त्यात अशा मिश्र सिमेंटांना जागा मिळाली. तेव्हा आयातीच्या तक्त्यात चुनखडीचा आकडा वाढलेला दिसला, की भट्ट्या वाढल्या असे लगेच समजू नये. तो दगड न भाजता सरळ गिरणीत गेलेला असू शकतो.

भट्टीसाठी येणारी चुनखडी मात्र दुरून नव्हे, अगदी उंबऱ्यावरून येते. सिल्हेटच्या उत्तरेस मेघालयाचे खासी डोंगर भिंतीसारखे उभे आहेत. त्यांच्या पायथ्याशी चुनखडीच चुनखडी! हा व्यापार जुना आहे, बरे का. अठराव्या शतकात सिल्हेटचा इंग्रज अधिकारी रॉबर्ट लिंडसे याने या चुन्यावर पैसा केला. पावसाळ्यात नद्या फुगल्या की होड्यांतून दगड खाली येई, छातकच्या आसपास भाजला जाई आणि चुना कलकत्त्याच्या इमारतींना जाई. पुढे छातकला सिमेंटचा कारखानाही निघाला. १९४७ ला सीमा आखली गेली, तेव्हा कारखाना एका देशात आणि दगड दुसऱ्या देशात अशी गंमत झाली. गंमत आपण म्हणायची. कामगाराला ती गंमत नव्हती.

आपल्याकडेही थोडे असेच आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा. चुनखडी मुख्यतः चंद्रपूर आणि यवतमाळकडे, म्हणून मोठे कारखानेही तिकडेच. मुंबईकडे गुजरातच्या किनाऱ्यावरून सिमेंट जहाजांनी येते. फरक इतकाच, की आपल्या वाटेत परदेशाची सीमा नाही.

ती सीमा काय करू शकते पाहा. २००६ साली छातक येथे एक नवा मोठा कारखाना चालू झाला. त्याची खाण मेघालयात नोंगत्राई येथे. दगड येतो १७ किलोमीटर लांबीच्या सरकत्या पट्ट्यावरून. त्यातले ७ किलोमीटर भारतात आणि १० बांगलादेशात. असा पट्टा असला की ना होडीची वाट पाहावी लागते, ना पावसाची. पण खाणीची जमीन वनजमीन आहे की काय, यावर भारतात वाद उभा राहिला आणि फेब्रुवारी २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले. पट्टा थांबला, भट्टीची चुनखडी तुटली आणि छातकच्या कारखान्याला बाहेरून क्लिंकर आणून काम चालवावे लागले. जुलै २०११ मध्ये न्यायालयाने परवानगी दिली, तेव्हा पट्टा पुन्हा फिरू लागला. खणलेल्या चुनखडीच्या प्रत्येक टनामागे ९० रुपये खाणीच्या परिसरातील लोकांच्या आरोग्य, शिक्षण अशा कामांसाठी भरावेत, अशी अटही घालण्यात आली.