लिलावातले अनामिक साहेब

लंडनच्या लिलावगृहांच्या कॅटलॉगमध्ये एक नोंद वारंवार भेटते: ‘सद्गृहस्थाचे व्यक्तिचित्र, इंग्लिश शैली, अठरावे शतक, कॅनव्हासवर तैलरंग’. डोक्यावर पावडर लावलेला केसांचा टोप, अंगात तपकिरी कोट, मागे काळोख. चित्रकार अज्ञात आणि साहेबही अज्ञात. अशा चित्रापुढे उभ्या राहणाऱ्या हौशी गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न असतो, ‘सही कुठे आहे?’

सही नाही म्हणजे काहीतरी गडबड आहे, ही समजूत या काळापुरती तरी चुकीची आहे. रेनॉल्ड्स आणि गेन्सबरो हे त्या शतकातले दोन सर्वांत मोठे इंग्रज व्यक्तिचित्रकार, पण तेही क्वचितच सही करत. चित्र सांगून करवून घेतलेले असे आणि ते कोणी काढले हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असे. उलट कोपऱ्यात ठसठशीत सही दिसली तर जाणकार भिंग काढतो, कारण भाव वाढवण्यासाठी मागाहून नाव टाकण्याचे उद्योग भरपूर झाले आहेत.

आणि सही असली तरी ती नेमकी कोणाच्या कामावरची? नामांकित चित्रकार बहुधा चेहरा स्वतः रंगवत. कोट, मखमल, लेस, बाह्या हे काम वस्त्रे रंगवण्यात तरबेज असलेल्या दुसऱ्याच माणसाकडे जाई. अँटवर्पहून लंडनला आलेला जोसेफ व्हॅन एकन हा त्यातला बिनीचा कारागीर. थॉमस हडसन आणि अ‍ॅलन रॅमसे हे प्रतिस्पर्धी, पण दोघांच्याही चित्रांतले रेशीम त्याच्याच हातचे. तो 1749 साली वारला, तेव्हा चित्रकार होगार्थने त्याच्या अंत्ययात्रेचे व्यंगचित्र काढले: मागून रडत चाललेले व्यक्तिचित्रकार, आता कपडे कोण रंगवणार या काळजीत! रेनॉल्ड्सकडे हे काम करणारा पीटर टॉम्स तर 1768 साली स्थापन झालेल्या रॉयल अकादमीचा संस्थापक सदस्य होता. म्हणजे हा काही हरकाम्या पोऱ्यांचा धंदा नव्हता. तेव्हा कोटाच्या झळाळीवरून चित्रकार ओळखू पाहणारा माणूस भलत्याच्याच हाताला दाद देऊन बसतो.

‘हात दाखवायचे तर जास्त पैसे’ ही दंतकथाही अशीच अर्धवट. दर ठरे तो कॅनव्हासच्या मापावर. 30 बाय 25 इंचांत डोके आणि छाती मावे, 50 बाय 40 मध्ये हातही येत. 1764 च्या सुमारास रेनॉल्ड्सचा दर लहान मापाला 30 गिनी, मधल्याला 70 आणि पूर्णाकृतीला 150 होता. हात महाग नव्हते, कापड मोठे होते.

जुनेपणाची खूण म्हणून भेगांचे जाळे आणि गडद, मधाळ छटा दाखवल्या जातात. ती छटा बऱ्याचदा पिवळ्या पडलेल्या व्हार्निशची असते. सफाईनंतर तपकिरी कोट निळा निघू शकतो. भेगा तर मुद्दाम पाडताही येतात. रेनॉल्ड्सचे लाल रंग त्याच्या हयातीतच उडू लागले आणि गिऱ्हाइकांचे चेहरे पांढरेफटक पडले. चित्र टिकेल तितकीच वर्षे त्याला हप्त्याने पैसे द्यावेत, असा टोमणा लेखक होरेस वॉलपोलने मारला होता. टायटॅनियम पांढरा विसाव्या शतकात बाजारात आला. तो सापडला की चित्र बनावट, असा निकालही घाईचा, कारण तो नंतरच्या डागडुजीतला असू शकतो.

खरी माहिती पुष्कळदा मागच्या बाजूला असते. 1712 ते 1831 या काळात ब्रिटनमध्ये कॅनव्हासवर कर होता आणि त्याचे शिक्के काही कापडांवर अजून दिसतात. मात्र मागून नवे कापड चिकटवले असेल तर शिक्का झाकला जातो.

चौकटीवरच्या पितळी पट्टीवरचे नावही सहसा नंतरच्या पिढ्यांनी ठोकलेले. त्यापेक्षा केसांचा टोप बोलका: खांद्याखाली रुळणारा भरघोस टोप शतकाच्या सुरुवातीचा, मागे फितीने बांधलेला त्यानंतरचा. 1795 साली केसांच्या पावडरीवर कर बसला आणि ती फॅशन ओसरत गेली. कागदपत्रे असली की मात्र तर्क लढवावे लागत नाहीत. 1791 साली मुंबईत आलेल्या जेम्स वेल्सने पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांना एकत्र रंगवले. ते चित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे आणि वेल्सची रोजनिशीही टिकली आहे.

राहिला भाव. ‘अडीचशे वर्षांचे म्हणजे कोट्यवधींचे’ हे गणित रेनॉल्ड्सच्या ‘माई’ या पॉलिनेशियन तरुणाच्या व्यक्तिचित्रासारख्या चित्रांमुळे रुजते. 2023 साली ते लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने आणि अमेरिकेतल्या गेटी संग्रहालयाने मिळून पाच कोटी पौंडांना घेतले. अनामिक साहेब मात्र काही शे किंवा काही हजार पौंडांत जातात, आणि त्यांच्यापेक्षा देखण्या बाईचे चित्र लवकर खपते. कॅटलॉगमध्ये चित्रकाराचे नुसते नाव असेल तर ते त्याचेच, असे लिलावगृहाचे मत. ‘बहुधा त्याचे’, ‘त्याच्या कार्यशाळेतले’, ‘त्याच्या वर्तुळातले’, ‘त्याच्या धाटणीचे’ अशा पायऱ्यांनी किंमत खाली येते. शेवटच्या पायरीवरचे चित्र तर एकोणिसाव्या शतकातलेही असू शकते, म्हणून बोली लावण्याआधी मागच्या बाजूचा फोटो आणि चित्राच्या अवस्थेचा लेखी अहवाल मागवतात.