साहसी धर्मजीवन

‘साहस’ हा शब्द ऐकतांच आपल्या डोळ्यांपुढें गिर्यारोहक, दर्यावर्दी किंवा रणांगणावरील वीर उभे राहतात. उलट ‘धार्मिक जीवन’ म्हटलें कीं नियमित उपासना, संयम आणि शांतता यांचें चित्र मनांत येतें. मग ख्रिस्ती जीवन भरपूर आणि साहसी असतें, असें म्हणतात त्याचा अर्थ काय? योहानाच्या शुभवर्तमानांत ख्रिस्तानें विपुल जीवनाचें आश्वासन दिलें आहे. आणि त्याच ख्रिस्तानें आपल्या अनुयायांस क्रूस उचलावयासही सांगितलें आहे. या दोहोंचा मेळ कसा बसतो, हें तत्त्वचर्चेपेक्षां पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) चरित्रावरून अधिक स्पष्ट होतें.

रमाबाईंचे आईबाप व थोरली बहीण दुष्काळांत गेलीं. भावासह पायीं भ्रमण करीत त्या १८७८ सालीं कलकत्त्यास पोहोंचल्या आणि तेथील विद्वानांनीं त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्यें विवाह झाला. १८८२ मध्यें वैधव्य आलें. पदरीं तान्ही मनोरमा होती. पुढच्याच वर्षीं शिक्षणासाठीं त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

येथें कोणी म्हणेल, साहस तें हेंच. परंतु धर्मांतर हा केवळ उंबरठा होता. ज्या भगिनींच्या आश्रयास त्या राहिल्या, त्यांच्याशींही धर्ममतांबाबत त्यांनीं निर्भयपणें वाद केला. एका पुरोहितवर्गाच्या जोखडांतून सुटून दुसऱ्याचें जोखड मानेवर घेण्याची त्यांची तयारी नव्हती. श्रद्धा म्हणजे बुद्धीला दिलेली सुटी नव्हे, हा त्यांच्या जीवनाचा पहिला धडा होय.

दुसरा धडा अधिक कठीण आहे. १८८९ सालीं त्यांनीं मुंबईस विधवांसाठीं ‘शारदा सदन’ काढलें व पुढच्या वर्षीं तें पुण्यास नेलें. १८९३ मध्यें मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळविलें जातें, असा आक्षेप येऊन मोठें वादळ उठलें. न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळांतून बाहेर पडले आणि अनेक पालकांनीं मुली परत नेल्या. तो आक्षेप घेणाऱ्यांची चिंता खोटी होती, असें म्हणतां येत नाहीं. परंतु याच सदनाची विद्यार्थिनी गोदूबाई त्याच वर्षीं धोंडो केशव कर्वे यांची पत्नी झाली, आणि ती हिंदूच राहिली, हेंही विसरतां येत नाहीं. आपले म्हणविणारे दूर गेल्यावरही काम न सोडणें, यांत साहसाची खरी कसोटी असते.

१८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हां रमाबाई मध्यप्रांतांत गेल्या. भुकेनें आपलें घर ओस पडलेलें त्यांनीं पाहिलें होतें. म्हणूनच त्यांना दुरून हळहळून स्वस्थ बसतां आलें नाहीं. तेथून आणलेल्या अनाथ मुलींसाठीं पुणें जिल्ह्यांत केडगांव येथें ‘मुक्ति’ सदन उभें राहिलें. तेथें शेती, विणकाम, छपाई शिकवीत. आंधळ्या मुलींनाही वाचावयास शिकवीत. शेंकडों जणींना अन्न मिळालें, आणि त्याबरोबर स्वतःच्या हातांवर विश्वासही मिळाला.

उत्तरायुष्यांत त्यांनीं हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलाचें सोप्या मराठींत भाषांतर केलें. शास्त्र्यांना नव्हे, तर साध्या शिकलेल्या बाईला तें कळावें, हा हेतु होता. १९२१ मध्यें मनोरमा गेली; तरी मातेनें हातांतलें काम टाकलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या स्वतः निवर्तल्या, आणि तें बायबल १९२४ मध्यें प्रसिद्ध झालें.

तेव्हां भरपूर जीवन म्हणजे भरलेलें घर नव्हे. रमाबाईंचें घर मृत्यूनें पुनःपुन्हां रिकामें केलें, पण त्यांनीं त्याचें दार लावून घेतलें नाहीं. मिळालेली विद्या, भोगलेलें दुःख आणि धरलेली श्रद्धा हीं तिन्ही दुसऱ्याच्या उपयोगीं लावणें, आणि फळ दिसो वा न दिसो, उद्यांचें काम उद्यां पुन्हां हातीं घेणें, हेंच तें साहस. ख्रिस्ती श्रोत्यांना त्यांत क्रूसाचा अर्थ दिसेल. इतरांनाही आपापल्या धर्माकडून आपण नेमकें काय मागतों, सुरक्षितता कीं सामर्थ्य, हा प्रश्न स्वतःस विचारतां येईल.