जुने घेताना लाज कसली?

जून जवळ आला की घराघरांत हिशेबाची वही उघडते. फी, गणवेश, वह्या, दप्तर, छत्री. गेल्या वर्षी माझ्या मुलीने अकरावी विज्ञानाला प्रवेश घेतला. पुस्तकांची यादी पाहून मी म्हणाले, "चल, किंग्ज सर्कलला जाऊन जुनी पुस्तके बघू." तिचा चेहरा उतरला. "अम्मी, मैत्रिणींनी पाहिले तर?"

तिला काय बोलणार? ही भीती तिने आपल्याकडूनच घेतली आहे. ईदला जुना जोडा नको, लग्नात मागच्या लग्नातला सूट नको. मग त्यासाठी उसने काढावे लागले तरी चालते. इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, हा शब्द आपण बयानात ऐकतो आणि बाजारात विसरतो.

मुंबईत आणि पुण्यात कुठे बघाल?

माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या महेश्वरी उद्यानाजवळ फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे विक्रेते बसतात. कॉलेजची, इंजिनीअरिंगची, मेडिकलची महागडी पुस्तके तिथे कमी किमतीत मिळतात. वर्ष संपल्यावर चांगल्या स्थितीतले पुस्तक परत घेणारेही त्यांच्यात आहेत. पुण्यात हेच काम अप्पा बळवंत चौकात होते. फक्त अभ्यासक्रम बदललेला नाही ना, हे आवृत्तीचे वर्ष पाहून आधी तपासा.

घरातल्या सामानासाठी मुंबईचा चोर बाजार. भेंडी बाजाराला लागून असलेल्या मटन स्ट्रीटवर जुनी कपाटे, आरसे, दिवे, घड्याळे मिळतात. शुक्रवारी तिथली नेहमीची दुकाने बंद असतात आणि रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. जवळच्या दीड गल्लीत त्याच दिवशी उजाडण्याआधी जुन्या चपला-बुटांचा बाजार भरतो. पुण्यात मंगळवार पेठेचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी. अवजारे, नळाचे सामान, पितळी भांडी यांसाठी कारागीर मंडळी तिथे आवर्जून जातात.

घेताना डोळे उघडे ठेवा

लाकडी सामान उलटे करून बघा. खाली बारीक भुसा पडत असेल तर कीड आहे. पलंग आणि सोफ्याच्या सांध्यांत ढेकूण लपतात, तिथे टॉर्च मारा. मिक्सर, पंखा, इस्त्री दुकानातच चालवून घ्या. कपडे उजेडात धरून काखेत आणि शिवणीत बघा, घरी आणल्यावर गरम पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवा. काही वस्तू मात्र जुन्या घेऊच नका: हेल्मेट, गॅसची नळी, रेग्युलेटर आणि पापुद्रे निघालेला नॉनस्टिक तवा.

मोबाईलच्या बाबतीत जास्त सावध राहा. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबले की पंधरा अंकी आयएमईआय नंबर दिसतो. इंग्रजीत केवायएम लिहून, जागा सोडून तो नंबर 14422 वर एसएमएस करा. फोन ब्लॉक केलेला असेल तर कळते. मूळ बिल नसेल आणि भाव अगदीच पडेल असेल तर हात आखडता घ्या. माल चोरीचा आहे हे माहीत असून घेणे कायद्याने गुन्हा आहे, आणि दीनमध्ये तो हलाल कसा होईल? स्वस्ताईची बरकत तिथेच संपते.

आणि देताना?

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्या कोकणी नातेवाइकांकडून 'चॅरिटी शॉप'चे नाव ऐकले असेल. लोक चांगल्या वस्तू दुकानाला फुकट देतात, दुकान त्या थोड्या पैशांत विकते आणि नफा गरजूंसाठी जातो. घेणारा स्वतः निवडतो, दाम मोजतो आणि मान ताठ ठेवून बाहेर पडतो. आपल्याकडे अशी दुकाने फार थोडी. जुने कपडे बोहारणीला देऊन स्टीलचा डबा घ्यायचा, नाहीतर कामवालीच्या हातात गाठोडे ठेवायचे, हीच आपली रीत. त्या गाठोड्यात काय असते? चेन तुटलेली सलवार, डाग न निघालेला शर्ट, एकच मोजा.

2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून होते. घर वाहून गेलेल्या माणसांनाही ते घ्यावेसे वाटले नाहीत. 'गूंज' या संस्थेने ते कपडे गोळा करून निवडले आणि कामी लावले. अंशू गुप्ता यांनी 1999 मध्ये सुरू केलेली ही संस्था गावकऱ्यांना कपडे भीक म्हणून देत नाही. गावाने विहीर खोदावी, रस्ता दुरुस्त करावा, त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे मिळतात. गुप्ता यांना 2015 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात एका टॅक्सीचालकाने 2020 मध्ये नवरीच्या कपड्यांची बँक सुरू केली. एकदाच अंगावर चढून पेटीत पडलेले भारी जोडे तो गोळा करतो, धुऊन ठेवतो. ऐपत नसलेल्या घरची मुलगी येते, आवडीचा जोडा निवडते. पैसे द्यायचे नाहीत, कपडा परत करायचीही सक्ती नाही. प्रत्येक मोहल्ल्यात अशी दोन कपाटे उभी राहायला काय हरकत आहे? आपल्या पेट्यांत निकाहचे किती शरारे कसर खात पडले आहेत!

सूरह बकरामध्ये सदक्याबद्दल सांगितलेली गोष्ट आपण सगळ्यांनी वाचली आहे. जी वस्तू आपल्याला कुणी दिली तर आपण डोळेझाक केल्याशिवाय घेणार नाही, ती निवडून दुसऱ्याला देऊ नये. गाठोडे बांधताना एवढी एकच कसोटी लावा. बटण तुटले असेल तर लावा, कपडा धुवा, इस्त्री करा, बुटांची जोडी नाडीने बांधा. अगदीच फाटले असेल तर घरातच पोछा करा.

माझी मुलगी त्या दिवशी शेवटी आली. भौतिकशास्त्राच्या जुन्या पुस्तकात कुणा अनोळखी विद्यार्थ्याने पेन्सिलीने समासात सूत्रे लिहून ठेवली होती. परीक्षेच्या दिवसांत ती तेच पान उघडून बसायची. यंदा तिने पुस्तकाला नवे कव्हर घातले, सुटलेली पाने चिकटवली आणि शेजारच्या इमारतीतल्या मुलीकडे स्वतः नेऊन दिले.

परत येऊन म्हणाली, "अम्मी, तिनेही आधी हेच विचारले, कुणी पाहिले तर?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटले, पाहू देत. मीही यातूनच शिकले."