निवाऱ्याची किल्ली कोणाकडे?

२१ जून २००३, लॉस एंजेलिस. जागतिक हेवीवेट विजेता लेनॉक्स लुईस याच्या ठोशाने युक्रेनचे मुष्टियोद्धे विताली क्लिच्को यांच्या डाव्या डोळ्यावर खोल जखम झाली. रक्ताची धार डोळ्यात उतरत होती, तरी सहाव्या फेरीअखेर तिन्ही पंचांच्या हिशेबात ते ५८-५६ असे पुढे होते. डॉक्टरांनी लढत थांबवली. जखमेला साठेक टाके पडले. पुढच्याच वर्षी त्यांनी विश्वविजेतेपद पटकावलं.

कारकिर्दीत ४७ लढती, ४५ विजय, त्यातले ४१ नॉकआउट. धाकटा भाऊ व्लादिमीरही विश्वविजेता. पण आईला शब्द दिलेला, म्हणून दोघे एकमेकांसमोर कधीच उतरले नाहीत. वडील सोव्हिएत हवाई दलात अधिकारी. चेर्नोबिलच्या दुर्घटनेनंतर तिथल्या सफाईच्या कामावर ते होते. २०११ मध्ये कर्करोगाने गेले.

पुढे ते राजकारणात उतरले. युक्रेनची राजधानी कीव्हचं महापौरपद मात्र पहिल्या फटक्यात मिळालं नाही. २००६ आणि २००८ मध्ये कीव्हच्या मतदारांनी क्लिच्को यांना नाकारलं. शहरातल्या ‘मैदान’ चौकातल्या सरकारविरोधी आंदोलनानंतर, मे २०१४ मध्ये ते निवडून आले; २०१५ आणि २०२० मध्ये पुन्हा. त्यांच्या पक्षाच्या आद्याक्षरांचा उच्चार ‘उदार’. मराठी कानाला तो औदार्याचा वाटेल, युक्रेनियनमध्ये त्याचा अर्थ आहे ‘प्रहार’.

मुंबईकराला महापौर आणि आयुक्त यांच्यातला फरक सांगावा लागत नाही. मान महापौराचा, कारभार राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्तांचा. कीव्हमध्येही महापौर लोक निवडतात आणि नगर प्रशासनाचा प्रमुख राष्ट्राध्यक्ष नेमतात. २०१४ मध्ये दोन्ही पदं क्लिच्को यांच्याकडे आली. २०१९ मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की यांच्या कार्यालयाने त्यांना प्रशासनप्रमुखपदावरून हटवण्याचा प्रयत्न केला. २०२२ च्या रशियन आक्रमणानंतर राजधानीत लष्करी प्रशासन आलं, त्याचा प्रमुख वेगळा. रशियाची क्षेपणास्त्रं कोसळत असताना शहराच्या कारभाराला असे दोन धनी झाले.

क्लिच्को यांच्या चुकाही आहेत. २०१९ मध्ये उघडलेल्या काचेच्या पादचारी पुलाची मजबुती दाखवायला त्यांनी त्यावर उड्या मारल्या. थोड्याच दिवसांत एका काचेला तडा गेला. टीका झाली, ती योग्यच होती. पण त्या काचेपेक्षा एका दाराची गोष्ट जास्त जड आहे.

१ जून २०२३ ची पहाट. कीव्हच्या देस्न्यान्स्की भागात हल्ल्याचा भोंगा वाजला. लोक जवळच्या दवाखान्यातल्या निवाऱ्याकडे धावले. दार आतून बंद. ठोठावलं, कोणी उघडलं नाही. पाडलेल्या क्षेपणास्त्राचे तुकडे दारापाशीच पडले. नऊ वर्षांची मुलगी, तिची आई आणि आणखी एक स्त्री गेली. त्या दिवशी तिथे बालदिन होता.

राष्ट्राध्यक्षांनी नगर प्रशासनावर बोट ठेवलं; आपल्यावर राजकीय हल्ला होतोय, असं क्लिच्को यांचं म्हणणं. मग शहरभर निवाऱ्यांची तपासणी सुरू झाली. भोंगा वाजला की दार उघडं आहे ना, हे एक-एक दार ढकलून पाहिलं जाऊ लागलं.