नुसतं चिकटणारं प्रथिन

ऑस्लोच्या दक्षिणेला ऑस नावाचं छोटं गाव आहे. नॉर्वेतलं शेतीचं शिक्षण फार पूर्वीपासून इथल्याच विद्यापीठात चालतं. 2005 साली तिथल्या गुस्ताव्ह वोये-कोल्स्ताद, व्हिन्सेंट आयसिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका प्रथिनावर शोधनिबंध छापला. हे प्रथिन स्वतः कोणतीही रासायनिक क्रिया घडवून आणत नाही, असं त्यांनी शीर्षकातच लिहून टाकलं होतं. पाच वर्षांनी ते शीर्षक चुकीचं ठरलं, आणि ठरवलं त्यांनीच.

प्रथिनाचं नाव सीबीपी-21. ते सेराशिया नावाच्या जिवाणूचं, आणि त्याचं भक्ष्य कायटिन. कोलंबीचं साल, खेकड्याची नांगी, झुरळाची पाठ हे सगळं कायटिनच्या आधारावर उभं असतं. खरं तर कायटिन पहिल्यांदा सापडलं ते अळंबीत. 1811 साली फ्रान्समधल्या नान्सी शहरात आंरी ब्राकोनो यांनी ते वेगळं केलं. कीटकांची पाळी नंतर आली. कायटिन म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या; त्या एकमेकींना इतक्या बिलगून बसतात की त्यांत पाणीही शिरत नाही. गच्च वळलेला सुंभच म्हणा ना. तो उकलायचा तर आधी एखादं सुटं टोक हाती लागायला हवं. कायटिनेज नावाची एन्झाइम्स म्हणजे विकरं साखळी तोडतात खरी, पण त्यांतली बरीचशी अशाच टोकाच्या शोधात असतात. टोक सापडेपर्यंत काम अडलेलं.

हे कोडं जुनंच होतं. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू बुरशीने खाऊन टाकले. त्या बुरशीचा अभ्यास करणाऱ्या एल्विन रीज यांनी 1950 साली सहकाऱ्यांसह एक तर्क मांडला: सुतातल्या सेल्युलोजच्या साखळ्यांची घट्ट वीण आधी कुणीतरी सैल करत असणार, मगच कापणारी एन्झाइम्स आत घुसत असणार. त्या अज्ञात पूर्वतयारीला त्यांनी 'सी-वन' हे नाव दिलं. नाव मिळालं, पण नावाचा धनी काही सापडेना.

ऑसमध्ये सीबीपी-21 नुसतंच कायटिनवर टाकलं की ते चिकटून बसायचं, बाकी काही नाही. कायटिनेजसोबत टाकलं की मात्र कायटिन तोडण्याचं काम झपाट्याने व्हायचं. त्याची घडणही विचित्र. कायटिनेजला साखळी धरायला खोबण असते, याचा चेहरा मात्र परातीसारखा सपाट. अशा सपाट चेहऱ्याने कुणी काय कापणार? म्हणून मग 'ते चिकटतं, वीण विस्कटतं' एवढ्यावर समाधान मानलं गेलं. मला यात दोष वाटत नाही. हाताशी असलेल्या पुराव्यात त्याहून जास्त काही दिसतच नव्हतं.

मग नळीत एक साधी वस्तू पडली: आवळ्या-लिंबातलं क जीवनसत्त्व. सोबतीला कायटिनेज नसतानाही कायटिनचे तुकडे पडू लागले! वस्तुमानमापकावर त्या तुकड्यांचं वजन अपेक्षेपेक्षा 16 ने जास्त भरत होतं, म्हणजे ऑक्सिजनचा एक अणू जादा. तो आला कुठून? गटाने ऑक्सिजनचा जड भाऊ, 18 वजनाचा, हवेतून दिला; तुकडेही दोनने जड झाले. साखळ्या तोडणारी आतापर्यंतची एन्झाइम्स पाण्याचा रेणू वापरून तोडायची. हे प्रथिन साखळीला ऑक्सिजन जोडून तोडत होतं, तेही टोक न शोधता, थेट मधूनच. 2010 साली 'सायन्स'मध्ये ही बातमी आली. 'चिकटणारं प्रथिन' एन्झाइम झालं.

त्यानंतर नजरा बुरशीकडे वळल्या. लाकूड खाणाऱ्या बुरशींच्या जनुकसंचात जीएच-61 नावाची अशीच प्रथिनं ढिगाने होती, सपाट चेहऱ्याची आणि कामाचा पत्ता नसलेली. 2011 साली उलगडा झाला, की त्यांच्या त्या चेहऱ्यावर तांब्याचा एकच अणू बसलेला असतो आणि सेल्युलोज तोडण्याची सगळी करामत त्याची. क जीवनसत्त्व त्या तांब्याला इलेक्ट्रॉन पुरवतं. रीज यांच्या 'सी-वन'ला अखेर चेहरा मिळाला. 2014 साली ब्रिटनमधल्या यॉर्कच्या गटाला जपानी साके आणि सोया सॉस आंबवणाऱ्या ॲस्परजिलस ओरायझी बुरशीतही याच धाटणीचं, पण कायटिन कापणारं एन्झाइम सापडलं. बुरशीची स्वतःची पेशीभित्ती कायटिनची, आणि कायटिनचं शस्त्रही तिच्याच खिशात.

बुरशीचं हे शस्त्र आपल्याला अनोळखी नाही. उसातल्या हुमणीवर शेतकरी मेटारायझियम वापरतात. ती बुरशी प्रथिनं आणि कायटिन फोडणाऱ्या एन्झाइम्सच्या बळावर किडीच्या कातडीतून आत शिरते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही हरभऱ्यावरच्या घाटेअळीसाठी याच बुरशीवर काम झालं आहे.

कारखान्यात मात्र पहिला पैसा कायटिनने नाही, पेंढ्याने मिळवून दिला. डेन्मार्कच्या नोव्होझाइम्सने ही तांबेधारी एन्झाइम्स आपल्या मिश्रणात घातली आणि शेतातल्या काडीकचऱ्यापासून इथेनॉलसाठी साखर काढणं सोपं झालं. कोलंबीच्या सालांचं अजून तसं झालेलं नाही. सालातला चुना आम्लात विरघळवायचा, प्रथिनं कॉस्टिक सोड्यात काढायची, आणि गुडघेदुखीच्या गोळ्यांतलं ग्लुकोसामाइन हवं असेल तर उरलेलं कायटिन तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात तापवायचं, हीच रीत अजून चालते. सांडपाण्याचं काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

2017 साली ऑसच्या गटाने आपलं आणखी एक विधान मोडीत काढलं. या एन्झाइम्सना खरी भूक हवेतल्या ऑक्सिजनची नाही, हायड्रोजन पेरॉक्साइडची आहे, असं त्यांनी दाखवलं. ते थोडं थोडं दिलं की काम कैक पटींनी वेगाने होतं; एकदम ओतलं तर एन्झाइम स्वतःच जळून जातं. त्यामुळे आता टाकीत पेरॉक्साइड सोडायचं तर अभिषेकाच्या धारेसारखं, थेंब थेंब.